दृष्टांतपाठकर्ते श्रीकेशिराजबास

आपल्या मार्गात असा एकही आश्रम नसेल, की जेथे सायंकाळच्या निरूपणात दृष्टांत सांगितला जात नाही. शास्त्रातील अवघड प्रमेय आले, श्रोत्यांच्या मुद्रेवर संभ्रम दिसला, की वक्ता क्षणभर थांबतो आणि कोण्या एका गावी कोणी एक असे, अशा धाटणीने कथा आरंभतो. तत्काळ मंडळी सावरून बसतात. मुले जवळ सरकतात, वृद्धांचे डोळे उघडतात. हे सुख आपण सर्वांनी अनुभवले आहे. तथापि हे दृष्टांत आपल्यापर्यंत ज्या स्वरूपात पोहोचले, ते स्वरूप ज्यांनी सिद्ध केले, त्या श्रीकेशिराजबासांचे स्मरण मात्र आपण क्वचितच करतो. त्यांचे चरित्र हे मुख्यतः त्यांच्या ग्रंथसेवेचे चरित्र होय. त्या सेवेच्या मुळाशी एक त्याग आहे. तो ध्यानी आला म्हणजे दृष्टांतपाठाकडे पाहण्याची आपली दृष्टीच पालटते.

कथेच्या द्वारे शहाणपण शिकविण्याची रीत भरतखंडात फार पुरातन आहे. बौद्धांच्या जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांस सहा महिन्यांत राजनीतीत निपुण करण्याचे वचन दिले आणि ते पशुपक्ष्यांच्या गोष्टी सांगून पार पाडले, अशी पंचतंत्राची उपोद्घातकथा आहे. मित्र कसा जोडावा, लाभलेले कसे गमवू नये, विचार न करता केलेल्या कृत्याचा परिणाम काय, ही पंचतंत्राची शिकवण इसवी सनाच्या सहाव्या शतकात इराणच्या खुस्रू अनुशिरवान बादशहाच्या काळी पहलवी भाषेत गेली आणि आठव्या शतकात कलीला व दिम्ना या नावाने अरबीत उतरली. पुढे तिचा संचार युरोपखंडातही झाला. नारायण पंडितांचा हितोपदेश याच कुळातला.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी या पुरातन रीतीचा स्वीकार केला, पण तिचे प्रयोजन पालटले. विष्णुशर्म्याचा श्रोता राजपुत्र होता आणि त्याला राज्य राखावयाचे होते. स्वामींच्या श्रोत्यांत ब्राह्मण होते तसे शेतकरी होते, विधवा होत्या, समाजाने दूर सारलेले लोकही होते. आणि त्यांना राखावयाचे होते ते हे दुर्लभ मनुष्यजन्म. म्हणून स्वामींच्या दृष्टांतांत सिंह आणि कोल्हे यांच्यापेक्षा माणसेच अधिक वावरतात. शेत, बाजार, गोठा, देऊळ, वैद्याचे घर, राजाचा दरबार या नित्य परिचयाच्या स्थळीच या कथा घडतात. लहानग्यांसाठीही स्वामींपाशी कथा होती. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि मेणाचे घर टिकते, ही जी गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक बालक आजही आजीच्या तोंडून ऐकते, तिचा जुना लिखित आढळ लीळाचरित्रातच आहे.

येथे एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. परंपरेने स्वामींचे पूर्वाश्रमीचे स्थान गुजरातेतील भडोच हे मानले आहे. आम्ही ज्या वाणगावी राहतो, तेथील रेल्वेस्थानकावरून उत्तरेस जाणारा लोहमार्ग डहाणू ओलांडून गुजरातेत शिरतो आणि पुढे याच भडोचला जातो. आमच्या डहाणू तालुक्यात मराठी, गुजराती आणि वारल्यांची बोली एकाच बाजारात कानी पडतात. यास्तव आम्हांस हे सहज उमगते, की ज्यांचे पूर्वाश्रमीचे वास्तव्य गुर्जरभूमीत झाले, त्या स्वामींनी सर्व निरूपण मराठीत केले, यात योगायोग नव्हे तर निश्चय होता. श्रोत्याने वक्त्याच्या भाषेपर्यंत चढून यावे, अशी अपेक्षा स्वामींनी धरली नाही. ते स्वतः श्रोत्यांच्या भाषेत आले. श्रीकेशिराजबासांच्या चरित्रातील मुख्य प्रसंग समजण्यास हे सूत्र आधी मनात ठेवले पाहिजे.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा होता. इ. स. १२७१ मध्ये रामदेवराय गादीवर आले. त्यांच्या दरबारी हेमाद्री पंडितासारखे अधिकारी होते आणि त्याचा चतुर्वर्गचिंतामणी हा व्रते, दाने व प्रायश्चित्ते यांचा प्रचंड ग्रंथ संस्कृतात होता. विद्वत्ता म्हणजे संस्कृत, हा त्या काळचा सर्वमान्य संकेत होता. मराठी ही घरची, शेताची आणि बाजाराची भाषा. शास्त्र तिच्यात लिहावे, ही कल्पनाच पंडितांस हीन वाटत असे. अशा काळी श्रीकेशिराजबास हे संस्कृतात पारंगत झालेले विद्वान होते. मार्गात त्यांचा उल्लेख केशवराज सूरी, केशवदेव, केशिराज व्यास, केसोबास अशा अनेक नावांनी येतो. त्यांचे रत्नमालास्तोत्र हे संस्कृत स्तोत्र त्यांच्या भाषाप्रभुत्वाची साक्ष देते.

स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर मार्गावर असन्निधानाचे दुःख ओढवले. आचार्य श्रीनागदेव, म्हणजेच आपले भटोबास, यांनी विखुरलेल्या भक्तपरिवारास सावरले आणि ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहून सर्वांचा सांभाळ केला. या काळात भटोबासांभोवती जो परिवार जमला, तो पाहता मन थक्क होते. सराळ्याचे म्हाइंभट, जे एकेकाळी विद्येचा अभिमान धरून स्वामींशी वाद करावयास आले होते, ते आता गावोगाव फिरून स्वामींच्या लीळा गोळा करीत होते. दामोदर पंडितांसारखे कवी होते. महदाइसा होत्या, ज्यांच्या जिज्ञासेचे प्रत्यक्ष स्वामींनी कौतुक केले होते. आणि अशा अनेक वृद्ध स्त्रिया होत्या, ज्यांना अक्षरओळख नव्हती पण स्वामींचे शब्द कंठस्थ होते. या परिवारात श्रीकेशिराजबास आले आणि भटोबासांच्या सेवेत राहिले.

स्मृतिस्थळात दोन आठवणी आहेत, आणि त्या दोन्हींचा एकत्र विचार केला पाहिजे. पहिली अशी : एकदा केशिराजबास आणि पंडित यांनी भटोबासांपुढे आपला प्रश्न संस्कृतात मांडला. विद्वानांस ती सवयच होती. भटोबासांनी ते संस्कृत शब्द आपल्यास कळत नाहीत असे सरळ सांगितले आणि स्वामींनी आपल्याला मराठीत निरूपिले, तेव्हा त्याच भाषेत पुसावे, असे सुचविले. आचार्यपदी असलेल्या पुरुषाने शिष्यांपुढे आपले अज्ञान मोकळेपणे मान्य करावे, यात किती निरभिमानता आहे! आणि त्याच शब्दांत शिष्यांच्या पांडित्यास मर्यादाही घातली गेली.

दुसरी आठवण याहून मर्मभेदी आहे. केशिराजबास शास्त्रातील प्रकरणे संस्कृतात बद्ध करू लागले होते. त्यांचा हेतू शुद्ध होता. स्वामींचे शास्त्र विद्वानांच्या सभेत मान्य व्हावे, चारही दिशांस जावे, काळाच्या ओघात भ्रष्ट होऊ नये, असे कोणाही शिष्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भटोबासांनी त्यांस थांबविले. त्यांनी कारण दिले ते शास्त्रीय नव्हते, राजकीयही नव्हते. असे केल्याने आपल्या म्हाताऱ्या नागविल्या जातील, एवढेच त्यांचे म्हणणे. नागविणे म्हणजे लुटणे. ज्या स्त्रियांनी स्वामींचे वचन कानांनी ऐकून हृदयात साठविले, त्यांचे धन त्यांच्याच डोळ्यांदेखत त्यांना न कळणाऱ्या भाषेच्या पेटीत बंद होईल, ही त्यांची व्यथा होती.

श्रीकेशिराजबास थांबले. येथे वाचकांनी क्षणभर थांबून त्यांच्या मनाचा विचार करावा. ज्या विद्येवर आयुष्य वेचले, जिच्यामुळे जगात मान मिळतो, ती विद्या गुरूच्या एका शब्दावर बाजूस ठेवणे सोपे नाही. भिक्षान्न खाणे, अटन करणे, झाडाखाली निजणे हे शरीराचे त्याग आहेत. ते दिसतात आणि त्यांची वाखाणणीही होते. विद्वानाने आपली विद्वत्ता जेथे परक्यास उपयोगी नाही तेथे न दाखविणे, हा त्याग कोणास दिसत नाही. संस्कृत भाषेविषयी भटोबासांच्या मनात द्वेष होता, असे मात्र कोणी समजू नये. स्तोत्र हे देवापुढे म्हणावयाचे असते, आणि देवास सर्व भाषा कळतात. शास्त्र माणसाला तारण्यासाठी असते, आणि ते ज्याला तारावयाचे त्याच्या भाषेतच असले पाहिजे, असा या प्रसंगाचा आशय आम्हांस दिसतो.

या त्यागातून जे उभे राहिले, ते म्हणजे सूत्रपाठ व दृष्टांतपाठ. म्हाइंभटांनी लीळाचरित्रात स्वामींचे वचन प्रसंगासह जतन केले होते. कोणत्या गावी, कोणत्या वेळी, कोणी काय पुसले आणि त्यावर स्वामींनी काय निरूपिले, असा सर्व संदर्भ तेथे आहे. परंतु नित्य पाठासाठी आणि चिंतनासाठी त्या अफाट ग्रंथातून सूत्रे वेगळी काढून लावणे अगत्याचे होते. केशिराजबासांनी ते काम केले. विचार आणि आचार यांची वचने सूत्रपाठात आली आणि कथारूप वचनांचा वेगळा पाठ झाला. हाच दृष्टांतपाठ. यातील दृष्टांतांची संख्या ११४ मानली जाते. रचनेचा काळ सामान्यतः इ. स. १२८० च्या सुमाराचा धरतात. मूर्तिप्रकाश हा त्यांचा मराठी ओवीग्रंथही प्रसिद्ध आहे.

दृष्टांतपाठाची बांधणी पाहू. प्रत्येक दृष्टांताची तीन अंगे आहेत. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र व दृष्टांत ही स्वामींची वचने होत. दार्ष्टांतिक, म्हणजे ती कथा परमार्थाला कशी लागू होते याचे विवरण, हे केशिराजबासांचे. या मांडणीत त्यांनी एक सूक्ष्म विवेक पाळला आहे. त्यांनी आपले शब्द स्वामींच्या शब्दांत मिसळू दिले नाहीत. कथा रंगविण्यासाठी तिच्यात अलंकार भरले नाहीत, पात्रे वाढविली नाहीत, वर्णने लांबविली नाहीत. आपले विवरण कोठे सुरू होते, हे वाचकाला स्पष्ट दिसावे अशी सीमा त्यांनी आखून ठेवली. सातशेहून अधिक वर्षांनंतरही दृष्टांत वाचणारा सांगू शकतो, की एवढे स्वामींचे आणि येथून पुढचे केशिराजबासांचे. ग्रंथकर्त्याने आपल्या गुरूस दाखविलेला याहून मोठा आदर कोणता?

एक परिचित दृष्टांत घेऊ. एका गावी हत्ती येतो. जन्मांध माणसे त्याला पाहावयास जातात. ज्याच्या हाती पाय लागतो तो हत्ती खांबासारखा म्हणतो. ज्याच्या हाती कान लागतो त्यास तो सुपासारखा वाटतो. कोणी सोंड धरून मुसळाची उपमा देतो, तर शेपूट हाती आलेल्यास तो खराट्यासारखा भासतो. मग त्यांचे भांडण जुंपते. डोळस पुरुष येतो तेव्हा त्याला दिसते, की प्रत्येकाने जे सांगितले ते त्याच्या हाती लागले खरे, पण कोणालाही हत्ती सापडला नाही. ही कथा बौद्धांच्या उदान ग्रंथात आहे आणि जैनांनी अनेकांतवाद समजाविण्यासाठी ती योजिली आहे. स्वामींनी हीच पुरातन कथा आपल्या प्रमेयासाठी घेतली. परमेश्वरस्वरूपाचा जेवढा अंश ज्याच्या अनुभवास आला, तेवढ्यालाच तो परमेश्वर म्हणून बसतो. पूर्ण ज्ञान ज्याच्यापाशी आहे, तोच ते यथार्थ सांगू शकतो, असा याचा भाव आहे.

परंतु दृष्टांताचे सामर्थ्य असे, की तो परमार्थाच्या अंगाने बोलत असताना प्रपंचालाही वळण लावतो. वाणगावी एका घरच्या ओसरीवर निरूपणात हा दृष्टांत सांगितला गेला, तेव्हा ऐकणाऱ्यांत एक निरक्षर वृद्धा होती. ती पुष्कळ वेळ विचार करीत राहिली. मग तिने पुसले, की त्या आंधळ्यांपैकी कोणीही दोन पावले सरकून दुसऱ्याच्या जागी हात का लावून पाहिला नाही? निरूपणकर्त्यास तत्काळ उत्तर सुचले नाही. त्या वृद्धेच्या घरी सामाईक वाडीच्या वाटणीवरून दोन मुलांत अबोला होता आणि प्रत्येकजण आपल्या हाती लागलेल्या कागदाचा तुकडा दाखवून सारे सत्य आपल्यापाशी असल्याचे सांगत होता, हे नंतर कळले. तिने हत्तीचा दृष्टांत आपल्या घरात नेला. तिने दोघांना एकत्र बसवून कागद एकमेकांस वाचावयास लावले. वाद पूर्ण मिटला असे नव्हे, पण बोलणे सुरू झाले.

जीवनाचे शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते? आपले ज्ञान अपुरे असू शकते हे ओळखणे, दुसऱ्याच्या अनुभवास खोटे न म्हणता त्याची जागा समजून घेणे, आणि जो खरोखर जाणतो त्यास शरण जाणे, या तीन गोष्टी हा एक दृष्टांत शिकवितो. हेच उपदेशाच्या वाक्यांनी सांगितले असते तर त्या वृद्धेने मान डोलावली असती आणि घरी जाऊन विसरली असती. कथेने तिला प्रश्न दिला, आणि प्रश्नाने तिचे पाऊल हलविले. मात्र हे घडले कारण दृष्टांत तिच्या भाषेत होता. भटोबासांनी ज्या म्हाताऱ्यांची चिंता वाहिली, त्यांच्यापैकीच ती एक, असे म्हणण्यास काय प्रत्यवाय आहे?

भटोबासांच्या त्या निर्णयाची किंमत पुढच्याच पिढीस कळून आली. इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवर पहिली स्वारी झाली आणि पुढील पाव शतकात यादवांचे राज्य लयास गेले. भटोबासांचा काळ इ. स. १३०२ च्या सुमारास झाला. मार्ग पुन्हा एकदा निराधार झाला. त्या धामधुमीत म्हाइंभटांची लीळाचरित्राची मूळ पोथी हरपली. ज्या ग्रंथातून सूत्रे व दृष्टांत निवडले गेले, तो मूळ आधारच नाहीसा झाला. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्या स्मरणावरून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला. त्यांत हिराइसा या एकपाठी साध्वी होत्या. त्यांच्या स्मरणातून सिद्ध झालेल्या पाठास आजही हिराइसापाठ म्हणून ओळखतात. ज्या स्त्रियांना शास्त्र कळावे म्हणून केशिराजबासांनी संस्कृताचा मोह सोडला, त्या स्त्रियांपैकीच एकीने संकटात शास्त्र राखले. म्हाताऱ्या नागविल्या गेल्या नाहीत म्हणून मार्गही नागविला गेला नाही.

पुढे चौदाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी ग्रंथांच्या रक्षणासाठी सकळादी सांकेतिक लिप्या योजिल्या. त्या काळाची गरज म्हणून ते योग्यच होते. परंतु त्यामुळे शेकडो वर्षे हे धन मार्गाबाहेरील मराठी जनांस अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केला आणि १९३० नंतरच्या दशकात हरि नारायण नेने यांनी लीळाचरित्र व दृष्टांतपाठ यांचे मुद्रण करून ते अभ्यासकांपुढे आणले. तेव्हा महाराष्ट्रास कळून आले, की मराठी गद्य तेराव्या शतकातच किती नेमके, अल्पाक्षरी आणि प्रौढ झाले होते. २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि मराठी भाषा विद्यापीठाचे स्थानही ऋद्धिपूर हेच ठरले. ज्या भूमीवर भटोबासांचा परिवार वावरला, तेथे मराठीची विद्यापीठीय उपासना व्हावी, याचा आनंद प्रत्येक उपदेशीस वाटणे साहजिक आहे.

आमच्या डहाणू तालुक्यात भटोबासांच्या त्या विचाराचे एक प्रतिबिंब अलीकडच्या काळी दिसून आले, त्याचा उल्लेख येथे करावासा वाटतो. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले गुरे राखावयास रानात जात, त्यामुळे शाळेत येत नसत. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. शिंपले, बिया, पाने हेच शिक्षणाचे साहित्य झाले आणि गाणी व गोष्टी यांनी मुलांची जिज्ञासा जागविली. त्यांचा पंथ वेगळा आणि प्रयोजनही वेगळे. आपल्या शास्त्राशी त्यांच्या कार्याचा संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. तथापि शिकणारा येत नसेल तर शिकविणाऱ्याने त्याच्यापर्यंत चालत जावे, हे तत्त्व तेथेही तेच आहे. ते पाळणाऱ्यास आपला काही मोठेपणा खाली ठेवावाच लागतो.

यावरून आजच्या निरूपणकर्त्यांनी, विशेषतः तरुण साधूंनी, एक बोध घ्यावा असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते. अलीकडे दृष्टांत सांगताना तो रंगविण्याची हौस वाढली आहे. मूळ कथेत नसलेली पात्रे येतात, विनोद येतात, श्रोते हसतात, आणि सूत्र कोणते होते ते मात्र कोणासच आठवत नाही. याउलट काही ठिकाणी दृष्टांत दोन वाक्यांत उरकून दार्ष्टांतिकच तासभर चालते आणि त्यात संस्कृत वचनांची गर्दी असते. श्रीकेशिराजबासांनी हे दोन्ही दोष टाळले. सूत्र आधी सांगावे, म्हणजे कथा कशासाठी आहे ते कळते. दृष्टांत जसा आहे तसा सांगावा, म्हणजे श्रोत्याची बुद्धी स्वतः काम करते. दार्ष्टांतिक नेमके सांगून थांबावे, म्हणजे श्रोता तो आपल्या घरी नेऊ शकतो. ओसरीवरील ज्या वृद्धेचा उल्लेख वर आला, तिला प्रश्न सुचला तो वक्ता थांबल्यावर, हे विसरू नये.

श्रीकेशिराजबासांचे शरीर कालवश झाले, पण त्यांनी आखलेली ती सीमा अद्याप अभंग आहे. दृष्टांतपाठ उघडला, की प्रथम स्वामींचे वचन भेटते आणि केशिराजबास त्यामागे हात जोडून उभे असल्याचा भास होतो. ज्या दिवशी निरूपण संपल्यावर मागच्या ओळीतील एखादी म्हातारी काही पुसेल, त्या दिवशी त्यांची सेवा आपल्या हातून काही अंशी घडली, असे समजावे. त्या म्हातारीस उत्तर देण्यापूर्वी तिचे पूर्ण ऐकून घ्यावे.